दोघांत एक बंदूक

१२ नोव्हें. ७७, शनि. ट्रॅरालगन

व्ही.ला बंदूक हवी. पॉवर स्टेशनातला त्याचा साहेब ब्रायन मार्चमध्ये बदकांच्या शिकारीला जातो, एरवी रविवारी क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडतो. नवऱ्याला दोन्हीकडे जायचंय, बंदूक मात्र एकच घ्यायची. लेस नावाच्या म्हाताऱ्याच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. व्ही. थेट नक्षीवाल्या स्पॅनिश दुनळीपाशी. मी म्हटलं, शेजारी-शेजारी नळ्यांची नको, खालीवर नळ्यांची बघ, नेम एका रेषेत राहतो. म्हातारा लेस हसला, "द मिसेस नोज हर गन्स." मी सांगितलं, बाबा वसईला मिठागरात बदकं मारायचे, काडतुसांची पिशवी माझ्या खांद्यावर असायची.

गाडीत व्ही. : "तुला बोलायची काय गरज होती?"

२० नोव्हें., रवि.

चर्चमध्ये मिसा झाल्यावर क्लबात. लेसने तीन आणल्या होत्या. तीस इंची जड : चकत्यांना उत्तम, धक्का गिळते, पण दलदलीत दिवसभर वाहून हात गळतील. सव्वीस इंची हलकी : चालायला बरी, पण पन्नास बार काढले की खांदा निळा. तिसरी अठ्ठावीसची. एका नळीचं तोंड अर्धं आवळलेलं, दुसरीचं पूर्ण. जवळच्याला पहिली, लांबच्याला दुसरी. दोन्हीकडे चालेल अशी हीच.

व्ही.ने पंचवीस चकत्यांपैकी अकरा फोडल्या. लेस मला म्हणाला, ट्राय कर. मी नको नको म्हणत होते. व्ही.च म्हणाला, "मार ना, फिटू दे हौस."

एकोणीस.

टाळ्या. सगळ्यात जोरात व्ही.ने वाजवल्या.

३ डिसें.

अठ्ठावीसची घेतली. लायसन्स दोघांचंही. व्ही. म्हणाला, तुझं कशाला? लेस म्हणाला, घरात बंदूक आहे तर असू दे, मेट. आभार, लेस.

२९ जाने. ७८, रवि.

मी बावीस, व्ही. चौदा. उन्हाने डांबर वितळतंय. परत येताना म्हणाला, बंदूकच बरोबर नाही. दस्ता आखूड आहे, अंगठा नाकावर आपटतो.

खरं आहे ते. तो सहा फूट, मी पाच-एक. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही : घ्यायच्या दिवशी दुकानात तिन्ही बंदुका मी पुन्हा खांद्याला लावून पाहिल्या. त्याने त्या दिवशी एकही लावली नाही. ही माझ्या गालाशी नीट बसली आणि मी म्हटलं, व्हिन्सेंट, हीच. त्याला बसते का, विचारलं नाही. विसरले, असं म्हणता येईल. पण विसरले नव्हते.

२६ फेब्रु., रवि.

क्लबात माझा नंबर आला. "पुल" अशी हाक दिली, चकती उडाली, बंदूक वर घेतली तर दस्ता काखेत अडकला. परत तेच. दस्त्याच्या टोकाला बघते तर काळं रबर, त्याच्या आत लाकडाचा तुकडा. चांगली सव्वा इंच वाढवलेली. मला न सांगता.

नऊ. दंडावर पेल्याएवढा काळा डाग.

"काय झालं आज?" व्ही.ने विचारलं. सगळ्यांसमोर, अगदी काळजीने.

तो स्वतः सतरा. म्हणजे त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. याचाच जास्त राग येतोय.

लेसला विचारलं, तूच केलंस? मान खाली घालून म्हणाला, "ही सेड यू न्यू, लव्ह."

१७ मार्च

उद्यापासून बदकांचा सीझन. व्ही. आणि ब्रायन निघाले. मी म्हटलं होतं, मीही येते. "बायका नसतात तिथे." बाबांनी मला आठव्या वर्षी नेलं होतं. काडतुसं मात्र मीच आणून ठेवली, सहा नंबरच्या छर्र्यांची, दोन खोकी. सँडविचेसही.

१९ मार्च, झावळ्यांचा रविवार

मिसा चुकवून दुपारी आला. चिखलाने माखलेला, खूश. सहा बदकं! वसईला त्याच्या भावाला पत्रही लिहून झालं. मी अंगणात पिसं काढत बसले.

मांसात छर्रे लागले. नळाखाली धुऊन बशीत ठेवले. जाडे. सहा नंबर इतका जाडा नसतो. हे चार नंबरचे. सहाही बदकांत तेच.

छर्र्यांची बशी कपाटात ठेवली. बदकं फ्रीझरमध्ये.

२६ मार्च, ईस्टर

ब्रायन आणि त्याची बायको जेवायला. बदकं वसईहून आणलेल्या बाटली मसाल्यात केली, मसाला आता तळाला आला. व्ही. रंगात : पहाटेचं धुकं, डावीकडून आलेली जोडी, दोन बार, दोन्ही खाली. ब्रायन ताटात बघत होता. भला माणूस आहे.

मी वाढता वाढता विचारलं, "ब्रायन, तू काडतुसं किती नंबरची वापरतोस?"

"नंबर फोर. ऑलवेज."

"व्हिन्सेंट सहा नंबरची वापरतो," मी म्हटलं आणि छर्र्यांची ती बशी टेबलावर ठेवली.

ब्रायनच्या बायकोला काही कळलं नाही, ती मसाल्याचं कौतुक करत राहिली. व्ही.ने चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला नाही.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. बोलले तेव्हा वाटलंही, पाच मिनिटं.

२ एप्रिल, रवि.

आठवडा झाला. "मीठ दे", "गाडीत पेट्रोल नाही", एवढंच. आज क्लबात एकटा गेला. काल मी म्हटलं, ब्रायनसमोर बोलायला नको होतं. तो : "पण तू बोललीस." मग : "तू हसत होतीस." हसत होते का मी?

११ एप्रिल, मंगळ.

सकाळी लेसचा फोन. बेर्न्सडेलला स्पर्धेला क्लबाची टीम जातेय, येत्या रविवारी. एक बाई आजारी आहे, तू येशील? म्हटलं, कोणत्या बंदुकीने? तो म्हणाला, रबराखाली दोन स्क्रू आहेत, तेवढे काढले की लाकूड सुटतं. पाहिजे तर पुन्हा बसवता येतं. "नो वरीज."

व्ही. कामावर निघताना दारात होता. सांगितलं. बूट घालत म्हणाला, "जा की. बंदूक घेऊन जा. पण दस्त्याला हात लावायचा नाही." डबा उचलून निघाला.

आता सव्वातीन. बंदूक रिकामी करून टेबलावर, पुन्हा दोनदा बघितली. रबरातल्या भेगेतून स्क्रूड्रायव्हर जातो. एक निघाला. दुसरा घट्ट बसलाय, डोकं घासलं जातंय. चार वाजता तो येईल. हा एक परत लावून टाकावा, की दुसराही काढावा, डोकं घासून गेलं तरी?