लाल दोऱ्याचा कोपरा

पिंप्राळा, जळगाव
पौष, १९९२

प्रिय सुंदर,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट उघडशील की तसंच चुलीत घालशील, ठाऊक नाही. चौदा वर्षांनी लिहिते आहे. पण आनंद पोटात मावत नाही, आणि तो कळेल असं माणूस मला तुझ्याशिवाय नाही. आम्ही केस जिंकलो वं. औरंगाबादला, हायकोर्टात. वकिलाने निकाल मराठीत समजावून लिहून पाठवला, त्याचं अक्षर मला लागत नाही म्हणून तो नातीकडून मी तीनदा वाचून घेतला. चौथ्यांदा म्हणाली, आजी, आता तुलाच पाठ झाला असेल, तूच म्हण. कंबर धरून मी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. एरवी ओट्याखाली उतरत नाही.

तुला मुळापासून सांगते. आमच्या जीवरामने कापूस पिंजायचं मशीन घेतलं होतं, गाद्यांचं दुकान टाकलं होतं, हे तुझ्या कानावर असेलच. धुळ्याकडच्या एका सरकारी वसतिगृहाला चारशे गाद्या हव्या होत्या. नाव लिहीत नाही, तोंड कडू होतं. टेंडर भरायचं तर पाकीट लाखेने बंद करायचं आणि सोबत नमुन्याची एक गादी द्यायची. ती मी माझ्या हाताने शिवली. चारी कोपऱ्यांना आतून लाल दोऱ्याचा टाका घातला, माझी ती सवय आहे. पाकिटं सगळ्यांसमोर फोडली. जीवरामचा भाव सगळ्यांत कमी, गादी पसंत. खरेदी समितीचे चेअरमन म्हणाले, पाटील, लागा कामाला. पंधरा दिवसांनी घरी कागद आला, टेंडर रद्द. का, ते नाही. खाली छापलेलं, कोणतंही कारण न देता रद्द करायचा अधिकार राखून ठेवला आहे. पुन्हा टेंडर काढलं आणि काम चेअरमनच्या साडूला मिळालं, तेही वरच्या भावाने.

काम गेलं त्याचं एवढं नव्हतं गं. पण कारण दिलं नाही म्हणून लोकांनी आपापलं कारण लावलं. कापसात रद्दी भरली असेल. जुन्या चिंध्या पिंजल्या असतील. सरकार काय उगाच नाही म्हणतं का. लग्नाच्या गाद्यांना येणारे लोक गादीत बोटं खुपसून वास घ्यायला लागले. जीवराम जेवताना पाठ करून बसायचा. त्याच्या मालाला नाव ठेवलं होतं, आणि काय म्हणून ठेवलं हे विचारायला जागा नव्हती.

नमुन्याची गादी तरी परत आणू म्हणून मी त्याच्यासोबत एस्टीने धुळ्याला गेले. बाकावर दोन तास बसवून ठेवलं. शिपाई म्हणे, आजी, साहेब नही शे. आणि आतून साहेबाचं खोकणं ऐकू येत होतं. शेवटी क्लार्कला माझी कीव आली की चेष्टा सुचली, कोण जाणे. नवीन ठेकेदाराचा नमुना दाखवून म्हणाला, ही बघा आजी, गादी अशी असते. मी कोपरा उलटून पाहिला. लाल दोरा. माझीच गादी, साडूच्या नावाची चिठ्ठी लावलेली. मी तिथेच हसत सुटले, जीवरामला वाटलं म्हातारी बिघडली.

तिथून औरंगाबाद. वकिलाने माझं प्रतिज्ञापत्र केलं, हा टाका माझा आहे, माझ्याशिवाय तो कोणाला येत नाही. मी सही केली. सहीची सवय नाही, पहिलीच्या पोरासारखी झाली, पण केली. जजसाहेब म्हणाले, अधिकार राखून ठेवला म्हणजे मनात येईल तसं वागायची मुभा नव्हे. कारण कागदावर लिहिलं नाही तरी ते असावं लागतं, आणि विचारलं की दाखवावं लागतं. फाईल उघडली तर आत काहीच नाही. रद्द केलेलं बेकायदा ठरलं. नमुन्यात दोष असल्याची कुठेही नोंद नाही, असंही लिहिलं.

पण निकालाला अडीच वर्षं लागली, सुंदर. साडूच्या गाद्यांवर पोरं दोन हिवाळे झोपली. झालेलं काम आता उलटवता येत नाही, असंही त्यातच आहे. मशीन मागेच विकलं. जीवराम दुसऱ्याच्या जिनिंगवर हजेरीने जातो. निकालाचा कागद त्याने वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि कामावर गेला. पेढा ताटात तसाच. पेढे मी एकटीनेच वाटले, हे तुला सांगायला हरकत नाही.

आता दुसरं. तुझ्या प्रमिलाची आणि जीवरामची सुपारी फुटली त्या दिवशी पाहुण्यांना बसायला तू तिने शिवलेली गोधडी अंथरली होतीस. बायकांनी कोपरा उलटून पाहिला. एक मला म्हणाली, धुरपदाबाई, आता तुम्ही सुई ठेवून द्या. सगळ्या हसल्या, मीही हसले. आठ दिवसांनी मी चिठ्ठी पाठवली, जमत नाही. दोनच शब्द. तू केळीची फणी घेऊन सावद्याहून विचारायला आलीस, तेव्हा मी घरात नाही असं सांगायला लावलं. गाडीची वेळ होईपर्यंत तू ओट्यावर बसलीस. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते.

सुपारी मी परत केली, पण त्या दिवशी निघताना तू माझ्यासोबत दिलेली गोधडी ठेवून घेतली. तिचा एक कोपरा उसवला आणि लाल दोऱ्याचा टाका शिकले. कोर्टात जो माझा म्हणून सांगितला, तो प्रमिलाचा आहे.

पोरीला लोकांनी काय काय लावलं ते मला कळत होतं. फिट येत असेल. कुठे तरी डाग असेल. सहा वर्षांनी बिजवराला दिलीत, आणि त्याची आई अजून तिला परत आलेली सुपारी म्हणते, हेही ऐकलं. म्हणून हे पत्र. कारण लिहून देते. मुलीत काही दोष नव्हता. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, तो मला सोसवला नाही. दुसरं कारण नव्हतं. या पत्राखाली कोर्टात केली तीच सही आहे. हा कागद तिच्या सासूपुढे, चार बायका बसवून, मोठ्याने वाचून घे. उशिराचा निकाल काय कामाचा असतो, ते मी रोज जीवरामच्या पाठीकडे बघून शिकते आहे. गोधडी पार्सलने पाठवते. उसवलेला कोपरा मी शिवला नाही.

तुझीच,
धुरपदा