देवाला सोडलेली मेंढी

४ जानेवारी १९२७
सोलापुरास सुखरूप पोचलो. गुरुसिद्धप्पा शेटजींच्या मेंढवाड्यावर खोली ऐसपैस, दूध मुबलक, हवा कोरडी. शेटजींचा घोंगड्यांचा व्यापार. त्यांच्या दोनशे मेंढ्या माणूस दिसला की उधळतात, लोकर कातरू देत नाहीत. त्या माणसाळवायला खास पुण्याहून मला आणलंय. धनगरांच्या सात पिढ्यांना जमलं नाही ते मी महिन्यात करतो. इथला धनगर सिद्धाप्पा आणि त्याची बायको गोजाबाई नुसते माझे बूट बघत बसले. आनंद आहे!

९ जानेवारी
पद्धत सोपी. मूठभर हरभरे घेऊन माळावर जनावराकडे पाठ करून बसायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही. रोज थोडं जवळ सरकायचं. भीती मेली की जनावर आपण होऊन ओंजळीत तोंड घालतं. सिद्धाप्पाला तीनदा समजावलं. व्हय, व्हय म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला. याच्या डोक्यात काय कोंडा भरलाय?

१७ जानेवारी
कळप ताब्यात आला. एक काळी मेंढी तेवढी उरली. ती म्हणे देवाला सोडलेली. तिला कुणी कातरत नाही, हातानं चारत नाही. दुपारी ती ओढ्याकाठच्या बाभळींकडे टक लावते आणि एकदम बुजते; तिच्यामागे सगळा कळप मागे हटतो. गोजाबाई हात जोडून म्हणाली, तिला बुजू द्या की सायेब, तिला दिसतंय म्हनून आमी हितं जित्ती हाय. काय दिसतं, विचारलं तर पदर खोचून शेण गोळा करायला वळली. अडाण्यांचा बाजार नुसता! उद्यापासून काळीच धरतो.

२४ जानेवारी
जिंकलो! काळीनं माझ्या हातचे हरभरे खाल्ले. आता बाभळींकडे ढुंकून बघत नाही. हे कळताच सिद्धाप्पानं बिऱ्हाड घोड्यावर लादलं. तुमीबी चला, लई वंगाळ झालं, म्हणाला. जा म्हटलं, भित्र्यांनो!

२६ जानेवारी
भर दुपारी बाभळींपाशी कुणीतरी बसलं होतं. घोंगडी पांघरून, माझ्याकडे पाठ करून. हाक मारली, हललं नाही. असेल कुणी रिकामटेकडा.

२७ जानेवारी
आजही तेच. वीस पावलं अलीकडे.

२९ जानेवारी
विहिरीपाशी आलंय. घोंगडीखाली खांद्यांचा आकारच नाही. लिहायला लाज वाटते, पण माझी पाचावर धारण बसली. आणि मेंढ्या मात्र खुशाल चरताहेत! काळीसुद्धा. उद्या सकाळच्या गाडीनं पुणं गाठतो.

३० जानेवारी
गेलो नाही. उंबऱ्यावर मूठभर हरभरे होते. खाल्ले. का खाल्ले— मी, शिकलेला माणूस—

१ फेब्रुवारी
काळी बाभळींत शिरली. मागून सगळा कळप, एकेक करून. एकही ओरडली नाही. एकही परत—

२ फेब्रुवारी
अंगणात आहे. पाठमोरं. काल कापत होतो, आज नाही. माझी भीती कमी होते आहे. माझ्याच पद्धतीनं. मूर्ख! मूर्ख तो सिद्धाप्पा नव्हे—

३ फेब्रुवारी, दुपार
दारात. आता तोंड इकडे आहे. पळायला हवं, हे कळतंय. पाय तयार नाहीत. छातीत धडधड नाही— काहीच नाही— ओंजळ पुढे केली आहे त्यानं. गोजाबाई, अगं कुणीतरी या, ओरडा, धोंडे मारा, मला बुजवा— मी उठतो आहे— मी आपण होऊन