शेवटची सीट

प्रिय लेकी, आमच्या ठमाकाकू,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. रोज फोनवर बोलतोच तर पत्र कशाला, असं तुझी आईही म्हणाली. पण फोनवर माझं वाक्य तू मध्येच तोडतेस, आणि आज जे सांगायचंय ते ऐकून तर तू पहिल्याच शब्दाला 'नाही' म्हणशील. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही. तेव्हा गुमान शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबरबात. आईच्या बेकरीत नवी भट्टी आलीय. ती मालकाचं ऐकत नाही, फक्त आईचं ऐकते, त्यामुळे आईला सध्या शिंकायलाही फुरसत नाही. तुझ्या टेबलावर मी कपड्यांना इस्त्री करतो अशी चुगली तुझ्याकडे पोचली असेलच. ती खरी आहे. पण तुझा पुस्तकांचा खण मी रिकामा ठेवलाय, त्यात आईला साधा दोराही ठेवू देत नाही.

बस ठीक चाललीय. पोरं तशीच, गोंगाटही तोच. तुला आठवतं, तू माझ्याच बसने शाळेत जायचीस तेव्हा आपला नियम होता? बसमध्ये मी सगळ्यांचा काका, म्हणजे तुझाही काकाच. लाड घरी. तूही मोठ्या तोऱ्यात 'काका, खिडकी उघडत नाहीये' म्हणायचीस आणि शेवटच्या सीटवर जाऊन बसायचीस. सगळी मुलं उतरली की मी गाडी बंद करून मागपर्यंत फेरी मारतो, कुणी झोपून राहिलंय का ते बघायला. त्या सीटवर तू झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचीस. मी उचललं की एक डोळा उघडून 'बाबा' म्हणायचीस. ती फेरी मी अजून रोज मारतो, आणि खरं सांगू, त्या सीटपाशी जरा जास्तच रेंगाळतो. मध्यंतरी तर कहर केला. आपल्या कोपऱ्यावर बस थांबवली, दार उघडलं आणि वाट बघत बसलो. तिथून आता कुणीच चढत नाही. मागून एक चिमुरडी ओरडली, काका, कुणासाठी थांबलोय आपण? मी म्हटलं, दार कुरकुरतंय का ते बघत होतो.

त्या मोठ्या कॉलेजात तुझी निवड झाली, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. त्यांची मदत अगदीच जुजबी होती, उरलेल्याचं कर्ज काढा म्हणत होते. मी सही करायला पेन उघडून तयार! तूच आम्हा दोघांना समोर बसवलंस आणि तुझ्या चुलतदादाची आठवण करून दिलीस. त्याची पदवी भिंतीवर लागलीय, पण नको झालेली नोकरी त्याला सोडता येत नाही, कारण हप्ते संपत नाहीत. 'बाबा, मला शिकायचंय, आयुष्यभर फेडत बसायचं नाही,' असं म्हणालीस. आणि जे कॉलेज तुझ्या मार्कांवर फी माफ करत होतं, ज्याचं नाव आपल्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं, ते निवडलंस. मला लागलं होतं तेव्हा. आपण कमी पडलो असं वाटलं. आता चारचौघांत तुझी गोष्ट सांगताना माझी छाती फुगते.

राहण्याचा प्रश्न होता, तोही तूच सोडवलास. निवृत्त शिक्षिका, नजर अधू, एकट्या राहणाऱ्या, अशा आजी शोधून काढल्यास. संध्याकाळचा स्वयंपाक करायचा, रात्री सोबत करायची, त्याबदल्यात खोली फुकट. आपण सगळ्याचा विचार केला, सुट्ट्यांचा तेवढा राहिला. सुट्टी लागली की आजींची दिवसाची बाई गावी जाते आणि सगळा भार तुझ्यावर येतो. त्यामुळे गेल्यापासून तू एकदाही घरी आली नाहीस. आम्ही येऊन गेलो खरे, पण आजींच्या बैठकीत पाहुण्यांसारखे अंग चोरून बसलो आणि तू आम्हाला चहा दिलास. तू फोनवर म्हणतेस 'मजेत आहे', आम्ही म्हणतो 'आम्हीही मजेत'. तिघंही एकापेक्षा एक थापाडे.

गेल्या आठवड्यात फोन ठेवताना तू म्हणालीस, 'चला, घरी जाऊन आजींना वाढायचंय.' आई हसली. मला मात्र त्या 'घरी'वर हसू आलं नाही. तिथे तुझा जीव रमला याचा आनंद आहे गं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. तुझी फार आठवण येते. हे फोनवर मला कधी बोलता यायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

आता मुद्द्याचं. परवा तुझ्या आजींचा मला फोन आला, तुझ्या नकळत. म्हणाल्या, बाकीच्या मुली बॅगा घेऊन निघतात तेव्हा तुमची लेक खिडकीशी उभी राहते, मला नीट दिसत नसलं तरी कळतं. मग त्यांनी माझी चक्क मुलाखत घेतली. भाजी बारीक चिरता येते का, पेपर मोठ्याने वाचता येतो का, घोरता का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी खरी दिली. तुझ्याबरोबरच शाळेलाही सुट्टी लागतेय, माझी बस उभीच असणार. तेव्हा सुट्टीभर आजींजवळ मी राहतो, तू घरी ये. आईला भट्टी सोडत नाही, नाहीतर तीच आली असती. नाही म्हणू नकोस. आमच्यात एका ड्रायव्हरला घरी जायचं असलं की दुसरा त्याची गाडी घेतो, त्याचे कुणी आभार मानत नाही. पाकिटात तुझं तिकीट आहे. तू आपल्या घरात असशील आणि मी तिथे नसेन, एवढी एक गोष्ट काही जुळवता आली नाही. तिकडच्या स्टँडवर मी उतरेन आणि तासाभरात तुझी बस सुटेल, तेवढ्यात तुला डोळे भरून बघून घेईन. खिडकीजवळची शेवटची सीट घेतलीय तुझ्यासाठी. स्टँडवर उभं राहिलं की वळणापर्यंत तीच दिसत राहते.

तुझाच,
बसमधला काका, घरातला बाबा