तळव्यातली टाचणी

मंगळवार, बारा तारीख

ताई,

आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, मग बाकीचं.

मागच्या सोमवारी सकाळी पुढच्या खोलीतलं दुकान झाडलं, शिलाई मशिनला तेल दिलं आणि देवापुढे बसायचं म्हणून पाय धुवायला गेलो. ही टॉवेल घेऊन मागे उभी होती.

"अहो, तळव्यात काय आहे ते?"

"कुठं काय?"

तिनं खाली वाकून नखांत धरून टाचणी ओढून काढली. आपली कपड्यांना लावायचीच. डोक्यापर्यंत आत गेली होती, भोवती पू झाला होता.

"दुखलं नाही?"

"नाही."

 देवापुढे बसलो खरा, पण काय मागावं ते सुचेना.

बाकी ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. थकवा मात्र फार येतो. एक बाही लावली की मान खाली घालून बसून राहतो. वयाचं म्हणून सोडून देत होतो.

दवाखान्यात जखम धुतली. डॉक्टर तुझ्या मुलाएवढे. म्हणाले, "साखरेच्या गोळ्या घेता ना?"

"लागतील तेव्हा घेतो. तोंड सुकलं, पाय जळले की. एरवी अंग सांगतंच."

ते पायाकडे बघत म्हणाले, "मग यानं काय सांगितलं?"

त्यांनी इन्सुलिन लिहून दिलं. मी आणून फ्रिजमध्ये ठेवून दिलं. आपल्या आबांना सुई लावली आणि वर्षाच्या आत ते गेले, हे डोक्यातून जात नव्हतं. हिनं टोमणा मारलाच, "जन्मभर लोकांच्या कपड्यांत सुया खुपसल्या, स्वतःची वेळ आली की हात मागे घेता." मग हळूच म्हणाली, "आबांच्या पायाचा अंगठा काळा पडून कापला, त्यानंतर सुई लावली होती. विसरलात?" खरंच विसरलो होतो. मरण आधीच दारात होतं, आपण ते सुईच्या नावावर टाकलं.

ताई, एवढं सगळं लिहिलं ते पुढचं लिहायचा धीर होईना म्हणून.

उन्हाळ्यात तू आली होतीस. तुझ्या साखरेच्या गोळ्यांचा डबा उघडत होतीस, तेव्हा मी म्हटलं, "बरं वाटतंय ना? मग कशाला सवय लावून घेतेस? देवानं अंग दिलंय, ते सांगतं." तू हसून डबा बंद केलास. परवा फोनवर म्हणालीस, "तू सांगितल्यापासून एक गोळी नाही बघ. आता पाय जळतसुद्धा नाहीत." केवढ्या आनंदानं सांगत होतीस. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

टाचणी रुतायच्या आधी माझेही जळायचे थांबले होते, ताई.

तुझ्या मुलाला आत्ताच फोन केलाय, तो तुला उद्या डॉक्टरांकडे नेईल. पाय दाखव, रक्त तपासून घे, ते सांगतील त्या गोळ्या रोज घे, बरं वाटलं तरी घे. माझ्यावर राग धरलास तरी चालेल. मी देवाच्या भरवशाचं म्हणत होतो ते सगळं खरं तर माझी भीती होती, आणि तीच मी तुझ्या पदरात बांधली.

तुला सांगायचं तर आधी आपण करावं. म्हणून आज सकाळी देवापुढे बसलो, पोटाची चिमटी धरली आणि सुई टोचून घेतली. 

टोचलेलं कळलं, ताई.

तू ज्याचं नेहमी ऐकतेस तो,
धाकटा