ह्यांच्या बोलण्याची रेघ

यवतमाळ,
मकरसंक्रांतीचा दुसरा दिवस

ती. दादास,

शुभदाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी चार-पाचच अंगं टेकतात, उरलेली पोचली असं समज.) वहिनीची शुगर, तुझा दमा आणि यंदाची तूर, तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. आम्ही इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्राला कारण आहे, पण ते आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून शेवटी सांगेन.

आमच्या गौरीच्या लग्नापासून तू आणि हे एकमेकांशी बोलत नाही. मला ते उकरून काढायचं नाही, पण काढल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. भर पंगतीत तू ह्यांना म्हणालास, "इतकी वर्षं कृषी कार्यालयात बसून कापसाचे तक्ते भरलेत तुम्ही, त्यानं एक बोंड तरी वाचलं का?" त्या साली तुझ्या केळापूरच्या वावरात लाल्या पडला होता, सगळं शेत पानं लाल होऊन वाळलं होतं, तू पोळलेला होतास, हे मला कळत होतं. पण हे हातातली जिलबी ताटात ठेवून उठले ते उठलेच. पुढे लवकरच निवृत्त झाले, आणि सलीलने पुण्याहून प्रिंटरसकट आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. बाबांचं मन रमेल म्हणाला. रमलं म्हणजे काय, बुडालंच.

त्या यंत्रात एक्सेल म्हणून प्रकार असतो. नुसत्या चौकटीच चौकटी. जन्मभर तक्ते भरलेल्या माणसापुढे आणखी तक्ता ठेवायचा, म्हणजे हलवायाला निवृत्तीची भेट म्हणून कढई देण्यासारखं. ह्यांनी त्यात आपलं आयुष्य भरायला घेतलं. कोणत्या कामात किती वेळ गेला ते मांडायचं, आजचा वेळ कालपर्यंतच्या बेरजेवर चढवायचा आणि त्याची रेघ काढायची. ही रेघ कधीच खाली येत नाही. काही केलं नाही तर आडवी चालते, एवढंच. चहाची रेघ, दाढीची रेघ, एसटीची वाट पाहण्याची रेघ. विजेची वाट पाहण्याची रेघ सगळ्यांत उभी, कारण ती काढता काढताच लोडशेडिंग होई, काढलेलं सगळं गडप होई, आणि तो वाया गेलेला वेळ पुन्हा त्याच रेघेत जमा करावा लागे. माझ्या स्वयंपाकाची रेघ तर पडद्याबाहेर गेली. मला हाक मारून कौतुकाने म्हणाले, "बघ, ह्या घरात तू सगळ्यांच्या वर आहेस." मी म्हटलं, वर आहे तर खाली कणीक कोण भिजवतंय तेही दाखवा.

शेजारच्या बेबीताईंनी हे ऐकलं. (त्यांचे यजमान मारोतराव, नेरकडे त्यांचा कापूस असतो.) त्या पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, माही बी काढा ना एक रेघ, कापूस येचायची. परकर नेसत होती तवापासून येचून राह्यली मी." ह्यांनी त्यांना समोर बसवून सगळं विचारलं, आणि ती रेघ एका कागदात मावेना. मी भाताच्या शितांनी कागद जोडत गेले. तयार झालेली पट्टी बेबीताईंनी मिरवत घरी नेली आणि देवाच्या फोटोंशेजारी लावली. संध्याकाळी मारोतराव ती पाहून आमच्याकडे आले. म्हणाले, "हे कायची रेघ हाये, साहेब? भावाची तं नसन. कापसाचा भाव असा चढलेला म्या तं कधी पाह्यला नाही." आम्ही सगळे पोट धरून हसलो. हे हसले नाहीत. उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नवीन रेघ काढली. नाव दिलं, 'शुभदाशी बोलणे'. ती इतकी बुटकी निघाली की मला वाटलं, तक्त्याची तळपट्टीच आहे. हे बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग स्वयंपाकघरात आले, घसा खाकरला आणि विचारलं, "तुरीच्या डाळीबद्दल तुझं काय मत आहे?" दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं मत कोणी विचारलं नव्हतं, डाळीबद्दलसुद्धा. मी आधी ह्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण तिथून हे रोज येऊ लागले. मी भाजी निवडायची आणि ह्यांनी पाटावर बसून बोलायचं. सुरुवातीला हवामान, मग कार्यालय, आणि मग जे कधीच बोलले नव्हते ते. एकदा म्हणाले, त्या दिवशी पंगतीत मधुसूदनवर मी रागावलोच नव्हतो गं. तो म्हणाला ते खरं होतं, म्हणून उठलो. गावोगाव पीक पाहायला जायचो, लोक पाणी द्यायचे, बसवून घरातलं सगळं सांगायचे, आणि ते लिहायला तक्त्यात रकाना नसायचा. मी पेरा, उगवण आणि उतारा लिहून परत यायचो. आता तू सांग दादा, हे ऐकून मी मेथी निवडली की काड्या, मला काय कळणार?

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी हे फुलसावंगीच्या एका दौऱ्याची हकीकत सांगत होते. ओढ्याला पूर आला, जीप अडकली, फकिरा ड्रायव्हर बोनेटवर चढला, आणि... इथे थांबले. मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "मग?" काही नाही. म्हटलं, "अहो, मग पुढे काय झालं?" वर पाहिलं तर ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, आणि उजवा हात पाटावरून घसरला होता.

अर्धांगवायू. जीव वाचला, वाचा गेली. तुला कळवू नको असं सलीलने बजावलं, कारण तुम्हा दोघांचं असं. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा त्यांच्याशी, ऐकता ऐकता येईल. म्हणून आता मी बोलते आणि हे ऐकतात. रात्री त्या चौकटी मीच भरते. ते बोलत नसताना ह्याला आमचं बोलणं म्हणायचं की नाही, मला कळेना. सलील फोनवर म्हणाला, "आई, घाल ना." मी निम्माच वेळ घालते. खोटं लिहिलेलं ह्यांना खपत नाही.

वहिनीला सांग, लिंबाचं लोणचं पोचलं. लहानांना आशीर्वाद.

तुझी,
शुभदा

ता. क. काल गौरीच्या लग्नाचा अल्बम ह्यांच्यापुढे धरला होता. तुझ्या फोटोवर डावं बोट ठेवून हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. स्पष्ट. "गाढव." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच. डॉक्टर म्हणाले, फार उत्तम लक्षण आहे.

ता. क. आज फोटो पुन्हा दाखवला, तर तोंड फिरवलं. फोटोचा कंटाळा आला असावा. म्हणून तू स्वतः ये. मिळेल त्या एसटीने ये. आणि दादा, माफीबिफी मागू नकोस, तू रडवेला झालास तर हे पुन्हा गप्प होतील. थोडं भांड. कापसावरून भांड, तक्त्यांवरून भांड, काही सुचलं नाही तर जेवणाला नावं ठेव, पण ह्यांना उत्तर द्यावंसं वाटलं पाहिजे.

ता. क. गाढव म्हटल्यावर हे रडले. हे तुला लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देते.