पूर्वपक्षाचं कॉलेज

सोमवार
पोहोचलो. टेकडीवर विटांच्या मोजक्या इमारती, मधे हिरवळ, आणि हिरवळीवर पुस्तकं वाचणारी मुलं, जणू कोणी फोटोसाठी मांडून ठेवलेली. माझ्या वर्तमानपत्राला या छोट्या कॉलेजवर लेख हवा आहे, आणि ताईला तिच्या लेकीबद्दल निकाल. चिमणी, म्हणजे माझी भाची, हिला इथे प्रवेश मिळतो आहे. तत्पूर्वी आठवडाभर राहून बघायची मुभा असते. (पोरगी अठराची झाली, तरी टोपणनाव काही उडून गेलं नाही.) निघताना ताईने बजावलं, तू हो म्हणालास तर पाठवीन, पण लेखात करतोस तसं ‘एकीकडे-दुसरीकडे’ करू नकोस. भावोजी गेल्यापासून त्या घरातले सगळे अवघड निर्णय माझ्याकडे येतात. सोपेही येतात.

कॉलेजचं नाव मोठं. इथली मुलं पुढे न्यायाधीश होतात, मध्यस्थ होतात; इतकं मन लावून ऐकतात म्हणे, की समोरचा भांडणच विसरतो. प्राचार्यबाईंनी अभिमानाने सांगितलं, कित्येक वर्षांत एकाही विद्यार्थ्याची तक्रार नाही. तक्रार नसलेली वस्ती मी आजवर फक्त स्मशानात पाहिली आहे. हे मनातच म्हणालो. कॉफी चांगली होती.

मंगळवार
चिमणीबरोबर वर्गात बसलो. एक लांबट टेबल, भोवती डझनभर मुलं. नियम एकच: स्वतःचं बोलण्याआधी आधीच्याचं म्हणणं मांडायचं, आणि तो ‘अगदी तसंच’ म्हणेपर्यंत मांडत राहायचं. मी हरखलो. मी शिकलो त्या पाठशाळेत गुरुजी हेच सांगत, पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, असा मांडा की प्रतिपक्षी म्हणाला पाहिजे, मला इतकं चांगलं सुचलं नसतं! फरक एवढाच, की आमच्याकडे त्यानंतर सिद्धान्त, म्हणजे आपलं उत्तर, यायचा, आणि कधीकधी हमरीतुमरी. इथे तास संपला तरी कोणी स्वतःचं काही बोललंच नाही. वेळ पुरला नसेल.

विषय होता, ‘मला शिकवणारं पहिलं माणूस’. चिमणीने बाबांचं सांगितलं. ते तिला बूट घालताना मुद्दाम डावा उजव्या पायात चढवायचे, आणि मग ‘चूक कोणाची?’ यावर बापलेकीची वकिली रंगायची. शेजारच्या कुरळ्या केसांच्या मुलाने ते पुन्हा मांडलं. फार छान. दाढीच्या साबणाचा वास घातला, भावोजींचं नाकातून हसणं घातलं. चिमणीचे डोळे भरून आले. अगदी तसंच, म्हणाली.

पण साबणाचं तिने सांगितलं होतं का?

बुधवार
न्याहारीला चिमणीने विचारलं, मामा, बाबा मला बूट घालून द्यायचे का रे? मला वाटलं, फिरकी घेते आहे. कालची आठवण करून दिली तर म्हणाली, ती तर त्या कुरळ्याची गोष्ट ना? पलीकडे तो कुरळ्या बुटाची नाडी बांधत स्वतःशीच हसत होता. नाकातून. ते भावोजींसारखं हसणं नव्हतं. भावोजींचंच होतं.

दिवसभर मुलांना विचारत हिंडलो, इथे कसं वाटतं. सगळ्यांचं एकच उत्तर, हलकं वाटतं. घरचं विचारलं की एकमेकांकडे बघतात. एकीने तर मैत्रिणीला हाक मारून विचारलं, अगं, माझी आई तुझ्याकडे आहे की हिच्याकडे? उसनं दिलेलं पेन शोधावं, तसं.

गुरुवार
चिमणीला म्हटलं, निघू या. ती म्हणाली, आत्ता कुठे मजा येतेय, तू म्हणजे ना मामा, अगदीच हा आहेस! आज तिने घर सांगितलं. शाळा सांगितली. आई सांगितली. मी टेबलापलीकडून ओरडलो, तसं नव्हतं म्हण, एक तरी चूक काढ! तिने प्रामाणिकपणे शोधली. सापडली नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. चिमणीने नम्रपणे विचारलं, आपण कोण बोलताय? ताई खो खो हसली. कार्टी बापावर गेली आहे, म्हणाली.

शुक्रवार
प्राचार्यबाईंना गाठलं. चिडल्या नाहीत. माझा संतापच मला मांडून दाखवला, इतका नेमका की क्षणभर तो उरलाच नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणालो, नाही, तसं नाही. तेव्हा कुठे परत आला.

म्हणाल्या, मुलीचं सगळं परत देता येईल. पण टेबल रिकामं राहत नाही. त्याच मोलाचं, आपलं एखादं माणूस, दुसऱ्या कोणी तरी सांगून द्यावं लागतं; नाही दिलं तर तिचं पुन्हा ओसरेल.

माझ्याकडे त्या मोलाचं एकच आहे. ही पोर.

शनिवार
मिळालं तिला. कुरळ्या बोलत गेला, ती रडत गेली. मग मला बिलगली. ताईला फोन लावला, आई गं म्हणाली. नंतर माझ्यावर उखडली, मला इथे आणलंसच कशाला म्हणून. भांडली! कानात साठवून घेतलं.

ताईला कळवलं: नाही. स्पष्ट नाही.

आता माझी पाळी. मी सांगेन, ते मांडतील, मी चूक काढीन, आणि तिचं ओसरायच्या आत गाडी टेकडी उतरलेली असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांत चुकाच काढत आलो, एक काय जड —

शनिवार, नंतर
दवाखान्याचा जिना. टॉवेलात गुंडाळलेली. ताई म्हणाली, नीट धर, पाडशील. त्या इवल्या मुठीत माझं बोट —

सगळं मांडलं त्यांनी. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. खोटं बोलायचं होतं फक्त. तसं नव्हतं, एवढंच. ओठांवर होतं. पण तसंच होतं ना. किती सुंदर —

अगदी तसंच, म्हणालो मी. म्हणून गेलो —

जिना कुठला? कोणाचं बोट?

दारात एक मुलगी उभी आहे. हातात बॅग. रडते आहे. गाडी आली, चल, म्हणते. कोणाला म्हणते? मागे वळून पाहिलं, मागे कोणी नाही. चांगल्या घरची दिसते. बिचारीचं कोणी तरी हरवलं असावं. विचारलं, बाळ, तू कोणाची —

म्हणते, मामा —