अंजनाच्या तीन फांद्या

धुळे,
रविवार, २० नोव्हेंबर १९८८

आदरणीय कौतिक आबांना बन्सीलालचा नमस्कार.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. कापूस वेचणीला आला, गुडघाही आता कमी दुखतो, हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक आहोत. बदली होऊन तीन महिने झाले तरी मंदाचं मन धुळ्यात रमत नाही. बाजारात गेली की तिला चोपड्याची वांगी आठवतात. ऑफिसचं काम तेच, खुर्ची तेवढी वेगळी.

नवे कोणते पक्षी टिपले, असं तुम्ही विचारलंत. एकही नाही. कॅमेरा पावसाळ्यापासून कपाटात आहे.

जळगावच्या स्पर्धेत त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, हे तुम्हाला पेपरवाल्या मगनकडून कळलं. खरं तर मीच कळवायला हवं होतं. तुम्ही नसता तर तो पक्षी मला दिसलाच नसता. दोन वर्षं मी जुना कॅमेरा गळ्यात अडकवून सातपुड्याच्या पायथ्याशी हिंडत होतो आणि प्रत्येक रोलमध्ये हललेल्या पानांचे फोटो घेऊन घरी येत होतो. तुम्ही मला तुमच्या नाल्याकाठच्या अंजनाखाली, त्याच्या घरट्यासमोर नेऊन बसवलंत. "बोलानं नही, हालानं नही. तो यीच," म्हणालात. आणि आला. हातभर लांब, पांढरीशुभ्र शेपटी. पुस्तकात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. तुम्ही धोतरवाला म्हणता, तेच मला जास्त पटतं.

तोच फोटो तुम्ही भिंतीला लावायला मागितलात. म्हणून पाच दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

आबा, त्या फोटोत उजेड फार सुंदर पडलाय असं परीक्षक म्हणाले. अंजनाखाली तेवढा उजेड नव्हताच. सावलीत शटर मंद ठेवावं लागतं आणि पिलांना भरवताना पक्षी काही थांबत नाही. शेपटीचा नुसता पांढरा फराटा उमटतो. मेच्या पंधरा तारखेला, रविवारी सकाळी, मी आधी फांद्या सुतळीने मागे ओढून बांधल्या. तेवढ्याने भागेना. मग तुमच्या खोपीतला कोयता घेतला आणि घरट्यावर सावली धरणाऱ्या तीन फांद्या तोडल्या. कोयता पुसून होता तिथे ठेवला. तुम्ही त्या दिवशी शिरपूरला लग्नाला गेला होतात.

अख्खा रोल संपवला. गोणपाटाच्या आडोशात घामाघूम होऊन बसलो होतो, पण इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल. अकराच्या सुमाराला ऊन थेट घरट्यात उतरलं. पिलं चोची उघडून माना टाकायला लागली. तेव्हा नर घरट्याच्या काठावर पंख पसरून उभा राहिला. बक्षीस मिळालं ते त्या फोटोला. लोकांना वाटतं तो नाचतो आहे. तो सावली करत होता.

दीडची एसटी होती. फांद्या परत वर बांधाव्यात असं मनात आलं होतं. गाडी चुकेल म्हणून त्या नाल्यात टाकून निघालो.

पुढच्या रविवारी आलो तेव्हा तुम्ही अंजनाखाली उभे होतात आणि समोर छगन. घरट्यात तिन्ही पिलं वाळून गेली होती. छगन शेळ्यांसाठी अंजनाचा पाला काढतो हे गावाला ठाऊक, त्यामुळे दुसरं नाव कुणाच्या मनात आलंच नाही.

"मना कोयता घरच शे, आबा. मी फांदी तोडी नही," तो म्हणाला.

"बठ्ठं गाव सांगस, अंजन तूच तोडस," असं म्हणून तुम्ही त्याला शेतात यायला आणि विहिरीवर शेळ्या पाजायला मनाई केलीत. मी बाजूला गप्प उभा होतो.

गप्प होतो असं लिहिलं, तेही खोटं आहे. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "बन्सीभाऊ, तुम्ही गेलात तेव्हा फांद्या होत्या ना?"

मी म्हणालो, "होत्या."

तुमच्या कार्डाच्या शेवटी दोनच ओळी आहेत. तुमचं पाहून बाकीच्यांनीही छगनला बांधावरून हटकलं, त्याने शेळ्या विकल्या आणि रावेरला केळीच्या ट्रकवर हमाली धरली. "गेला ते बरं झालं," असं तुम्ही लिहिलंत.

काल रजा टाकून रावेरला गेलो. तो घड भरत होता. एका बाजूला नेऊन मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले माहीत शे, भाऊ. मी विहिरवर व्हतू. तुमना हातमा कोयता मी देखेल व्हता."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"आबानी तुमले इचारं. तुम्ही 'व्हत्या' म्हनं. मंग मी काय बोलू?"

तो रागावला नाही. रागावला असता तर परतीची वाट मला सोपी गेली असती. गावी चल, मी तुझ्यादेखत आबांना सांगतो, असं म्हटलं तर मान हलवली. "आबा बलावतीन तं यीसू. तुमनामांगे नही." केळीच्या चिकाने काळा पडलेला टॉवेल खांद्यावर टाकून तो ट्रककडे गेला.

बक्षीस मी परत पाठवतो आहे. त्याने छगनच्या शेळ्या परत येत नाहीत, हे मला कळतं. फोटोही तुम्हाला पाठवणार नाही. तो भिंतीवर लावण्यासारखा नाही.

येत्या रविवारी पहिल्या गाडीने येतो. पारावर माणसं जमली की त्यांच्यासमोर हे सगळं तोंडाने सांगेन. तुम्हाला मी शेतात नको असलो तर बांधावरूनच परत फिरेन. मला उत्तर लिहू नका, आबा. आधी छगनला लिहा. त्याला वाचता येत नाही, पण त्याच्या ट्रकचा ड्रायव्हर चुडामण वाचून दाखवील. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुमच्यासमोर 'होत्या' म्हणालेला,
बन्सीलाल